हिरव्या पत्रावळ्या

सखारामच्या गोठ्यात शिरले तेव्हा पत्रावळ्या टोचायला बसलेली सगळी मुलंच होती. सर्वांत मोठं दहाचं असेल. मी बोलावल्याशिवाय येत नाही, हे सखारामला ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा त्याने दार लावलं नव्हतं.

आम्ही गुरव. पुण्यातल्या मोठ्या घरांच्या पंगतींना पत्रावळ्या पुरवणं हे माझं काम. पळसाची पानं बांबूच्या बारीक काड्यांनी जोडतात. या काड्यांना चोया म्हणतात. मोठी मागणी आली की मी ती येरवड्याच्या सखारामकडे देते. तो कुणाकडून करून घेतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. माल चांगला येत होता.

भागी नावाची एक मुलगी डाव्या हाताने टोचत होती. उजव्या अंगठ्यात चोय मोडून राहिली होती आणि अंगठा वांग्यासारखा सुजला होता. मी तिला उठवून वैद्याकडे पाठवलं. मग सखारामला विचारलं, या मुलांच्या आया कुठे आहेत?

"त्या गावाकडं. दोन दिसांत एवढा माल मोठ्या मानसांच्यानं हुतोय व्हय, बाई? पोरं झपाट्यानं टोचत्यात. खात्यातबी कमी."

मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मागणी माझी होती आणि मुदतही माझीच. मला ती एका सरदारांच्या कारभाऱ्यांनी, नारोपंतांनी, सरदारांच्या घरच्या लग्नासाठी दिली होती. म्हणून मी तडक त्यांच्याकडे गेले.

पंतांनी सगळं ऐकून घेतलं. सखारामला काढून टाका, म्हणाले, लग्नघराला असलं काही चिकटायला नको.

"दुसरा धरला तर त्याच्याकडेही मुलंच निघतील, पंत. तिथे मी अजून डोकावले नाही, एवढंच. आणि ही मुलं उद्या वीटभट्टीवर जातील."

"मग मी काय करू? पत्रावळ्या टोचायला बसू?"

"आपण नको. लग्न लांबेल."

पंत हसले नाहीत, पण बसा म्हणाले.

मी त्यांना कामाची अडचण समजावली. मुहूर्त महिनाभर आधी ठरतो, पण पंगतीला पानं हिरवीच हवीत, म्हणून पत्रावळ्या शेवटच्या दोन दिवसांत लावाव्या लागतात. ही घाई मुलांच्या बोटांवर निभते. वाळक्या पत्रावळ्या मात्र सवडीने लावता येतात, दाबून ठेवल्या तर महिनोन्महिने टिकतात. वाढण्याआधी पाणी शिंपडलं की मऊ होतात.

"वाळक्या? व्याही म्हणतील, यांच्याकडे पाल्याचीसुद्धा टंचाई."

"व्याही जेवायला येणार आहेत, पंत, चरायला नाही."

पंतांनी एवढंच विचारलं, पाणी कोण शिंपडणार? माझी माणसं, मी म्हटलं.

लग्नाला माझ्या माळ्यावरचा वाळका साठा गेला. कमी पडल्या त्या भाऊबंदांकडून आणल्या. पंगतीत वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यांनी भुवया उंचावून विचारलंच. पंत शांतपणे म्हणाले, "आमच्या घरची रीत आहे." पुढच्याच हंगामात आणखी दोन घरांनी माझ्याकडे वाळक्या पत्रावळ्या मागितल्या. तीच रीत त्यांनाही पाळायची होती.

सखारामला मी काढलं नाही. आता त्याला काम कितीतरी आधी मिळतं. दर तोच, पण टोचायला मुलांच्या आया बसतात आणि मजुरी त्यांच्या हातात पडते. मी न सांगता जाते. एकदा पुन्हा दोन पोरं दिसली, तेव्हा ती सगळी खेप परत केली. सखाराम महिनाभर माझ्याशी बोलला नाही. माल मात्र वेळेवर आला.

भागीचा अंगठा वाचला, पण वाकत नाही. पानं हिरवी हवीत, हे पंतांनी मला सांगितलं होतं आणि मी सखारामला. हिरवीच कशाला, असं मध्ये कुणी विचारलं असतं तर तो अंगठा आज वाकला असता.