पायाळू माणूस वाळवंटात नेऊ नये

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोकं मागे ठेवून पाय पुढे केले. यात माझं कर्तृत्व शून्य आणि आईचा त्रास फार. पण अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी आमच्या पिंपळवंडीत समजूत असल्यामुळे मला मिसरूड फुटायच्या आतच मान मिळू लागला. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी शेतातून फिरायचं आणि नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर घ्यायची. माझा नारळ कधी चुकला नाही. (येडगावचं धरण जवळ, कालवा तर बांधाला लागून. आमच्या शिवारात नारळ कुठेही उभा राहिला तरी खाली पाणीच. उलट पाणी न लागणारी जागा दाखवा असं कुणी म्हणालं असतं, तर माझी पंचाईत झाली असती.)

वारूळवाडीचे बबनराव हे माझे साडू. माझ्या बायकोच्या, म्हणजे सुमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. नारायणगावच्या मार्केटातले टोमॅटो मुंबईला पोचवण्यात बबनरावांची उमेदीची वर्षं गेली. पुढे घरात केबल आली आणि त्यांनी टीव्हीवर एक परदेशी गाडी पाहिली. गाडीत पलंग, गाडीत स्वयंपाकघर, आणि एक गोरं जोडपं वाळवंटातून आरामात चाललेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला म्हातारा टेम्पो वेल्डिंगच्या दुकानासमोर उभा केला.

महिन्याभरात टेम्पोचं घर झालं. आत दोन्ही बाजूंना फळ्या टाकून झोपायची सोय, आक्कांच्या हट्टाखातर कडाप्प्याचा ओटा, ओट्यावर देव्हारा, आणि तळाला पत्र्याची भली मोठी पाण्याची टाकी. खिडक्यांना आक्कांच्या जुन्या साडीचे पडदे. सगळं झकास होतं, फक्त कितीही धुतलं तरी घराला पिकलेल्या टोमॅटोचा वास येत होता.

"पावणं," बबनराव मला म्हणाले, "वाळवंट बगायला जायचं. चौघांनी."

"मे महिन्यात?"

"मग कवा? छाटणी उरकल्याबिगर द्राक्षवाल्याला सवड घावती व्हय?"

हे खरं होतं. थंडीत सगळं जग राजस्थानला जातं तेव्हा आम्ही बागेत औषध मारत असतो. मुलांना सासूबाईंनी ठेवून घेतलं. "तुमी काय करायचं ते करा, नातवंडं त्या खोक्यात बसायची न्हाईत," असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

गुजरातच्या हद्दीवर आम्हाला अडवलं.

"क्या माल है?" नाक्यावरच्या शिपायाने विचारलं.

"माल नाय साहेब, घर है," बबनराव म्हणाले.

"घर में क्या माल है?"

"औरत लोग है."

शिपायाने तातडीने मागचं दार उघडायला लावलं. आत आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि मग सावकाश मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. शिपायाने दार स्वतः लावून घेतलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

जैसलमेरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर आम्ही पाण्याची टाकी तोंडापर्यंत भरून घेतली. तिथवर रस्ता गुळगुळीत होता आणि तेच बबनरावांना खुपत होतं. "ह्ये कसलं वाळवंट? असला रस्ता आपल्याकडं नाय राव," असं म्हणत त्यांनी गाडी एका कच्च्या वाटेला घातली. थोडं पुढे गेल्यावर टेम्पोने मोठा धक्का खाल्ला, खालून 'कट्' असा आवाज आला आणि मागची चाकं वाळूत बसली.

"काय मोडलं?" सुमनने विचारलं.

"काय न्हाई. गाडी बसली जरा," बबनराव म्हणाले. जणू म्हैस बसली होती.

समोरच चारपाच झोपड्यांची वस्ती होती. तिथून खेताराम नावाचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता आम्हाला सावलीत नेऊन ताक पाजलं. गाडी ओढायला ट्रॅक्टर हवा होता आणि तो शेजारच्या गावाहून दुसऱ्या दिवशी येणार होता. खेतारामजींच्या नातीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. मांडव पडला होता. पाण्याचं काय, असं मी सहज विचारलं. शहरातून टँकर सांगितलाय, ते म्हणाले. वऱ्हाडासाठी सगळा भरवसा त्या एका टँकरवर होता.

इथे बबनरावांनी तोंड उघडलं.

"अरे, फिर चिंता कायको? हमारे साडू है ना! ये उलटे पैदा हुए है!"

खेतारामजींनी मला खालून वर आणि वरून खाली नीट पाहून घेतलं. बबनरावांनी मग हातवाऱ्यांसकट माझा जन्म समजावून सांगितला. झोपड्यांच्या दारांत बायका जमल्या. आक्कांनी ओट्यावरच्या देव्हाऱ्यातला नारळ आणून माझ्या हातात दिला.

"बबनराव, इथं कालवा न्हाई," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"नसू द्या. तुमच्या पायात हाय ना."

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण एवढी माणसं आपल्याकडे आशेने बघायला लागली की आपल्यालाही आपलं खरं वाटू लागतं. मी चपला काढल्या, नारळ तळहातावर ठेवला आणि निघालो.

मे महिन्यातल्या दुपारी वाळवंटात अनवाणी चालणं म्हणजे काय, हे ज्याने तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आहे त्याला थोडंफार कळेल. सुरुवातीला मी ध्यान लावून हळूहळू चाललो. मग पटपट चाललो. मग चालणं आणि उड्या मारणं यांत फरक उरला नाही. लोकांना वाटलं, अंगात आलं. बायकांनी हात जोडले. मला मात्र फक्त सावली दिसत होती आणि त्या माळावर जवळची सावली एकच, आमच्या टेम्पोची. मी तिच्यात झेप घेतली. पायांना असं गार लागलं की सर्वांगाचा ताण गेला, हात सैल सुटला आणि नारळ उभा राहिला.

"हाय का न्हाई?" बबनराव ओरडले.

वस्तीतले गडी फावडी घेऊन धावले. मी हात वर करून सांगत होतो की पाणी खोल असेल, कदाचित फारच खोल, घाई नको. तेवढ्यात कोपरभर खणल्यावर ओली वाळू लागली.

मी स्वतः जितका चकित झालो तितकं तिथलं कुणीच झालं नाही. त्यांनी ओली वाळू मुठीत घेऊन कपाळाला लावली. खेतारामजींचे डोळे भरून आले. कुणीतरी माझ्या डोक्यावर लाल पागोटं बांधलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला पटलं की पिंपळवंडीच्या कालव्याने इतकी वर्षं माझी विद्या झाकून ठेवली होती.

गडी कमरेइतके खाली गेले. वाळू ओलीच. खेतारामजींनी थोरल्या मुलाला उंटावर बसवलं आणि काहीतरी सांगून पाठवून दिलं.

"कुठं चालला?" मी विचारलं.

बबनरावांनी चौकशी केली. "फोन करायला. टँकर नको म्हणून सांगायला. आपल्याला पाणी लागलं, तर टँकर पलीकडच्या भावकीला जाऊ दे म्हणत्यात. लई मोठ्या मनाची माणसं."

त्याच वेळी सुमन टेम्पोतून उतरली. तिच्या हातात रिकामी कळशी होती.

"आवो, जरा इकडं या. टाकीत पाण्याचा टिपूस न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे टाकीची शिवण उकललीय आन् तुमचा झरा टाकीच्या अगदी बुडाशी हाय."

मी टेम्पोखाली पाहिलं. टाकीच्या कडेला शेवटचा थेंब लोंबत होता. तो माझ्यादेखत वाळूत पडला. मला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण लग्न येऊन ठेपलं होतं, टँकर पलीकडच्या भावकीला जाणार होता आणि एक मुलगी पाण्यावाचून बोहल्यावर चढणार होती.

मी उंटामागे धावत सुटलो. उंट सावकाश चालतो असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. तो एक पाऊल टाकतो तेवढ्यात माणसाची दहा होतात, आणि त्यातली पाच वाळूत रुततात. पागोटं सुटून गळ्यात आलं. "रुको! रुको!" मी ओरडत होतो. मुलाने मागे वळून पाहिलं, मी आनंदाने नाचतोय असं समजून हात हलवला आणि उंटाला टाच मारली. शेवटी कंबर धरल्याने झोपडीत पडून असलेल्या त्याच्या आजीने, आडव्या अवस्थेतच, अशी काही हाक घातली की उंट आपणहून थांबला.

मग सगळ्यांसमोर मला बोलावं लागलं. माझं हिंदी एरवीही बेताचं, त्यात धाप लागलेली.

"वो पानी हमारा है," मी म्हणालो.

खेतारामजी गंभीर झाले. "पानी किसी एक का नहीं होता, भाई सा," ते म्हणाले.

"वैसा नाय! टाकी का पानी! टाकी फुटी!"

कुणालाच काही कळेना. बबनराव खाली बघत होते. शेवटी सुमनने ओट्यावरचं उलथनं आणलं, टेम्पोखाली वाकली आणि टाकीवर जोरात हाणलं. टण्ण. रिकाम्या टाकीचा आवाज समजायला हिंदी लागत नाही.

खड्ड्यातल्या गड्यांनी फावडी खाली ठेवली. माझ्याकडे बघायची माझीच हिंमत नव्हती, दुसऱ्यांकडे कुठून बघणार? मग खेतारामजींनी मुलाला उंटावरून उतरवलं, घरातल्या रांजणातलं पाणी काढायला सांगितलं आणि पहिला तांब्या आक्कांच्या हातात दिला. पाणी शोधून द्यायला निघालेला मी त्यांच्याच घरचं पाणी गटागटा प्यालो. इतकं गोड आणि इतकं लाजवणारं पाणी मी पुन्हा प्यालेलो नाही.

माझं पिऊन झाल्यावर खेतारामजी म्हणाले, "एक बात बताओ. उलटे पैदा हुए, ये तो सच है?"

"वो सच है."

"तो मेरी माँ की कमर पर पाँव रख दो."

पायाळू माणसाने लाथ लावली की कमरेत भरलेली उसण निघते, हे आमच्याकडेही मानतात. पण पाणी दाखवणारा माणूस कमरा तुडवत नसतो, निदान मी तरी ते कमीपणाचं समजत होतो. त्या दिवशी कमीपणाची भाषा करायला मला तोंड नव्हतं. मी झोपडीत गेलो. म्हातारी पालथी पडून होती. पणतीच्या लग्नात बसता येणार नाही म्हणून तिने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं, असं सून म्हणाली. मी देवाचं नाव घेऊन तीन वेळा हलकेच पाय ठेवला. म्हातारी "हाय" म्हणाली, मग "हाँ" म्हणाली, मग उठून बसली आणि तिने चहा मागितला.

बाहेर आलो तर दारात रांग. सगळे खड्डा खणणारे गडी. माझा झरा खणता खणता एकूण एकाची कंबर धरली होती.

ट्रॅक्टर आला, टँकरही वेळेवर आला. लग्न थाटात लागलं. म्हातारी मांडवात सगळ्यात पुढे बसली होती. निघताना खेतारामजींनी आमची टाकी टँकरच्या पाण्याने भरून दिली. बबनरावांनी डिझेलची टाकी गळली की लावतात तसा शिवणीला साबण लावला होता. (डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. पाण्यात विरघळतो, हे त्यांना अहमदाबादच्या पुढे चहाला फेस आल्यावर कळलं.)

मी बबनरावांना शपथ घातली होती की यातलं एक अक्षर गावात बोलायचं नाही. त्यांनी शब्द पाळला, झऱ्याचं अवाक्षर काढलं नाही. फक्त म्हातारीचं तेवढं सांगितलं, नारायणगावच्या मार्केटात, टोमॅटोची क्रेट उचलणाऱ्या हमालांसमोर.

तेव्हापासून मला बोअरची जागा कुणी विचारत नाही. रोज सकाळी दार उघडतो तो ओसरीवर ओळीने माणसं पालथी पडलेली असतात. सुमन आधण ठेवते आणि म्हणते, "चा व्हईस्तवर चालून या जरा." मग मी चपला काढतो आणि त्यांच्यावरून एक फेरी मारून येतो.