चुन्याची रेघ

शाळेचा शिपाई गणू धावत बागेत आला तेव्हा मी आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमाखाली उभा होतो. ऐन आंब्याचे दिवस, गडी मिळत नाहीत, त्यात हा मध्येच उपटलेला, म्हणून मी आधी त्याच्यावरच खेकसलो. गणू म्हणाला, "शांताराममास्तर नव्या वर्गाच्या भिंतीला टेकून बसले होते... ते उठलेच नाहीत." मी म्हटलं, डॉक्टरला आणा की मग, माझ्याकडे काय आलास! अजून त्या बोलण्याची लाज वाटते. आदल्या संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून शांत्यानं दोन कप चहा ढोसला होता आणि पेंढ्यात आंबे दाटीनं भरतो म्हणून मला चार शब्द सुनावले होते. छप्पन वर्षांचा काटक माणूस, आरे-वारेचा चढ सायकलवरून न उतरता चढायचा. असा कसा जातो? महिना झाला, मला अजून हे पटत नाही.

त्याच्या घरी गेलो तर त्याला माजघरात खाली निजवलेलं. कुणीतरी अंगठे बांधायला सुतळी शोधत होतं आणि तोवर दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळून पडलेली. ती पावलं पाहिली आणि मी दाराची चौकट धरली. लोकांना वाटलं, मित्र गेला म्हणून दत्तूशेटना भोवळ आली. तसं नव्हतं. नेमकी तशी पावलं मी आधी पाहिली होती... माझ्याच सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळात कोरलेली.

शांताराम आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. एशियाडच्या वर्षी, बाजारपेठेत रंगीत टीव्ही बघायला झुंबड उडायची तेव्हा हा माझ्याबरोबर सड्यावर भटकायला येऊ लागला आणि तिथल्या खोदचित्रांपाशी खिळला. गावाला ती नवी नव्हती. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून बायका येता-जाता फूल टाकायच्या, आणि आमच्या आईनं तर त्यांच्यावरच आंब्याची साटं वाळत घातलेली. एक हत्ती, त्याच्या पोटात मासे, बाजूला लांब शेपटीचा पाकट मासा, नाकावर शिंग असलेलं एक धूड आणि एक पुरुषभर उंचीचा माणूस, बिनचेहऱ्याचा. शांत्याकडे गुहांतल्या रंगीत चित्रांचं एक पुस्तक होतं, ते तो पिशवीतून घेऊन यायचा आणि एकेक पान कातळाशी ताडून बघायचा. म्हणायचा, त्या लोकांना गुहेचं छप्पर मिळालं, आपल्याला आडवा सडा, तेवढाच फरक. मी त्याला डिवचायचो की कोकणात गेंडा कुणाच्या बापानं पाहिलाय? तो म्हणायचा, ज्यानं काढला त्याच्या बापानं पाहिला असेल, म्हणजे कधीतरी इथं पाणथळ असेल, उंच गवत असेल. हा माझा अंदाज हो, असंही लगेच म्हणायचा, कारण खोटं ठासून सांगणं त्याला कधी जमलं नाही. पण एका गोष्टीची त्याला खात्री होती. हातात लोखंड नाही, लिहायला अक्षर नाही, रात्री जनावराची भीती, आणि तरी हा माणूस दिवसच्या दिवस उन्हात बसून दगड फोडतो, ते पोटासाठी नव्हे. आपण होतो, हे त्याला कुणालातरी सांगायचं होतं.

एकदा उतरत्या उन्हात तो माझ्यादेखत त्या कोरलेल्या माणसात आडवा झाला. टाळूपासून टाचेपर्यंत चपखल बसला. "दत्त्या, कुणालातरी इथं निजवून भोवतीनं रेघ मारलीय बघ," तो तसाच पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्याएवढाच होता रे." मी म्हटलं, ऊठ मेल्या, भलतीकडे निजतोस. मग त्यानं मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून मोठी चादर केली, ती कातळावर पसरली, वरून कोळसा घासला आणि सगळं चित्र जसंच्या तसं उतरवून घेतलं. सुमतीवहिनी महिनाभर त्याचे काळे सदरे धूत होत्या.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहितोय. दुसऱ्या वर्षी शाळेला नवा वर्ग बांधायचा ठरला. भिंतींना जांभ्या दगडाचे चिरे हवे होते, सडा माझा, मी म्हटलं न्या हवे तेवढे. नेमकी तेव्हाच शांत्याची मुलगी बाळंत होणार होती. जावई पोफळीच्या वीजघरात, म्हणून ही दोघं तिकडे निघाली. जाण्याआधी शांत्यानं सड्यावर जाऊन चित्राभोवती चुन्याची चौकोनी रेघ मारली, चांगली वीतभर रुंद. शाळेच्या खेळांसाठी कबड्डीचं मैदान तोच आखायचा. रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे पहिलीच्या पोरालाही कळतं, हा त्याचा हिशेब. तरी मला बजावून गेला की पहिल्या दिवशी तू स्वतः जाऊन उभा राहा. मी हो म्हटलं. आणि गेलो नाही. कलमांवर फवारणी चालली होती, मनात म्हटलं रेघ आहे ना, आंधळ्यालाही दिसेल.

तिसऱ्या दिवशी गेलो. मुकादम खुशीत होता. "मालक, आखून ठेवलंत ते बरं झालं," तो म्हणाला. "आमचा एक दिवस वाचला." चिरेखाणीत जेवढं काढायचं तेवढं चुन्यानं आखतात. मला हे माहीत नव्हतं का? जन्म गेला चिऱ्यांत! पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि शांत्यापुढे तर फक्त कबड्डीचं मैदान होतं. रेघेच्या आत आता कमरेइतका लाल खड्डा होता, अगदी काटकोनात. बाहेरच्या कातळाला कुणी ओरखडाही काढला नव्हता. गाड्या शाळेकडे गेल्या होत्या, भिंत उठत होती, उरलेसुरले चिरे माझ्या पायऱ्यांसाठी आमच्या अंगणात येऊन पडले होते. 

शांत्या परतला तेव्हा मी शिव्या खायच्या तयारीनंच त्याला वर घेऊन गेलो. तो खड्ड्याला एक फेरी मारून आला. "सगळं?" म्हणाला. मी मान हलवली. तो काठावर बसला आणि म्हणाला, "रेघ मीच मारली होती, दत्त्या." झालं. तू का गेला नाहीस, हे त्यानं विचारलं नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. एकदा कानफटात मारली असती तर मी सुटलो असतो.

त्यानंतर तो रोज शाळा भरण्याआधी नव्या वर्गाशी जायचा आणि ओल्या फडक्यानं एकेक चिरा पुसून तिरप्या उन्हात न्याहाळायचा. पोरं हसायची. भिंत पुसायचं वेड लागलंय मास्तरांना, असं मीही चारचौघांत बोललोय. आमच्याकडे आला की चपला खाली गवतात काढायचा आणि खालची पायरी सोडून लांब टांग टाकून वर यायचा. गेली पाच-सहा वर्षं हेच. मी म्हणायचो, गुडघे जातील मास्तर, अख्खी पायरी कुणासाठी ठेवलीय? तो म्हणायचा, व्यायाम आहे.

तेरावा झाल्यावर सुमतीवहिनींनी ती मांजरपाटाची चादर माझ्या हातात ठेवली. "चित्र उतरवलं तेव्हाच ते म्हणाले होते, हे पुढे तुमच्याकडे द्यायचं," एवढंच बोलल्या. घरी येऊन ओटीवर पसरली. कोळशाच्या चित्रावर त्यानं पेन्सिलीनं चिऱ्याच्या मापाचे चौकोन आखले होते, आणि काही चौकोनांत त्याचं ते बारीक, सुबक अक्षर. हत्तीच्या सोंडेत लिहिलं होतं 'खिडकीखाली, तिसरा थर'. पाकटाच्या शेपटीत 'पूर्वेचा कोपरा'. माणसाची छाती कोरी होती, तो शोध राहूनच गेला. मी बोट फिरवत खाली आलो. बाहेर वळलेल्या दोन पावलांवर दोन चौकोन होते, आणि दोन्हींना मिळून एकच ओळ... 'दत्तूची खालची पायरी. त्याला सांगू नये.'

आमची ही दर आठवड्याला ती पायरी शेणानं सारवते, थरावर थर बसलेले. सकाळी बादलीभर पाणी घेऊन मी काथ्यानं घासत बसलो. ऊन अंगणात आडवं आलं आणि दोन चिऱ्यांत दोन पावलं उमटली, ढळढळीत. माजघरात पाहिली होती तशीच. मी त्यांच्यावर पाय देऊन रोज बागेत गेलो, रोज परत आलो. आणि मी ज्याचं चित्र घालवलं तो, मला टोचू नये म्हणून, पावलांवरून टांग टाकत राहिला.

काल ही म्हणाली, गवंड्याला बोलावून ती पायरी काढून घ्या, बघवत नाही. मी म्हटलं, आता इथलं काही हलवायचं नाही. आणि चपला गवतात काढून लांब टांग टाकली. गुडघा असा काही कळवळला की खांब धरून उभा राहिलो आणि मोठ्यानं रडलो.