तळ्याला दाखवलेला नारळ

माझ्या थोरल्या साडूंइतक्या निष्ठेने, इतक्या खर्चाने आणि इतक्या शास्त्रोक्त पद्धतीने मासे न पकडणारा माणूस अख्ख्या ऑन्टारिओत दुसरा सापडणार नाही. इतर लोकांना मासा मिळतो किंवा मिळत नाही. आमचे साडूभाऊ मासा न मिळण्याची तयारी जानेवारीपासून करतात. व्हिटबीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी रॉड उभे, ड्रायरवर रीळं पसरलेली, आणि जागा संपली म्हणून देवघराच्या खालच्या कप्प्यात, उदबत्त्यांना लागून, गळाला लावायची रबराची गांडुळं. एकदा संध्याकाळच्या आरतीला मेहुणीने घाईघाईत कापूर म्हणून त्या कप्प्यात हात घातला आणि हाताला काय लागलं ते मी सांगत नाही. तेव्हापासून कापूर किचनमध्ये असतो, एवढं पुरे.

गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. तिथे मासा म्हणजे मटण न मिळाल्यास करायची तडजोड. त्यात नोकरी कारखान्यात क्वालिटी तपासायची, त्यामुळे नियम हाडीमासी खिळलेले. मासेमारीचं सरकारी नियमपुस्तक ते पोथीसारखं वाचतात. वॉलआय मासा पकडायला कधी खुला, बास कधी बंद, कुठल्या तळ्यात किती, सगळं पाठ. सीझनच्या पहिल्या दिवशी बोट पाण्यात घालण्याआधी ते कोळ्यांसारखा नारळ घेऊन काठावर उभे राहतात. का, तर आपली सासुरवाडी मालवणची! पण पाण्यात काही टाकायचं नाही हा नियम आडवा येतो. म्हणून ते नारळ तळ्याला नुसता दाखवतात, हात जोडतात आणि परत पिशवीत घालतात. घरी गेल्यावर त्याची चटणी होते. "अहो, हा नैवेद्य आहे की आयडी चेक?" असं मी एकदा विचारलं. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, "देवालासुद्धा."

आता या वेडाचं मूळ सांगतो. आमचे सासरे, अण्णा, मालवणचे. समुद्राच्या काठावर जन्म गेला. मी गिरगावात बोंबील खाऊन वाढलो म्हणून मला पहिल्याच जेवणात जावई करून घेतलं. साडूभाऊंनी मात्र लग्नाच्या बोलणीला सुरमईचा काटा घशात अडकवून घेतला आणि संपलं! पुढची वीस वर्षं अण्णा त्यांच्याशी थेट बोलले नाहीत. समोर बसले असले तरी निरोप मुलीकडून. "तुझ्या घोवाक सांग, पंखो बंद कर." आणि पाठीमागे एकच वाक्य, "घाट्याक माशातला काय कळता!" साडूभाऊ हसण्यावारी न्यायचे. पण एकदा दारातला बर्फ शोव्हल करता करता मला म्हणाले, "अरे, एकदा तरी त्यांनी माझ्याकडे बघून बोलावं रे. शिव्या दिल्या तरी चालतील." तेव्हा मला त्या रॉडचा आणि रीळांचा अर्थ लागला.

यंदा अण्णा उन्हाळ्यासाठी आले. ग्रोसरीतला फ्रोझन पापलेट बघून म्हणाले, "ह्या मढा माका नको." झालं! साडूभाऊंनी प्रतिज्ञा केली: अण्णा परत जायच्या आत त्यांच्या ताटात आपल्या हातचा ताजा मासा वाढणार. जूनच्या सुरुवातीचा शनिवार ठरला. सोमवार, गुरुवार, संकष्टी सगळं टाळून. अण्णांसाठी लायसन्स काढलं, लाइफ जॅकेट आणलं, डासांसाठी जाळीची टोपी आणली. ती घातल्यावर अण्णा मधमाश्या पाळणाऱ्यासारखे दिसायला लागले. पहाटे आम्ही तिघे भाड्याच्या बोटीत बसलो. तळ्याला नारळ दाखवण्याचा विधी झाला. अण्णांनी तो टोपीआडून पाहिला आणि मला म्हणाले, "इचार ह्येका, नारळ परत न्हेता? मगे देव काय खाता?"

बोटीत साडूभाऊंचा कारभार बघण्यासारखा असतो. स्वतः कुजबुजतात, आपल्याला शिंकू देत नाहीत, आणि मासे शोधायचं त्यांचं यंत्र मात्र दर दोन मिनिटांनी टूं टूं करून सगळ्या तळ्याला उठवतं. पडद्यावर ठिपका आला की "वॉलआय! मोठा आहे!" खाली बहुधा दगड असतो. त्या दिवशीही ऊन वर येईपर्यंत त्यांनी पाणवनस्पतींची एक छान जुडी पकडली. अण्णा जांभया देत होते. साडूभाऊंचा चेहरा उतरत चालला होता, आणि खरं सांगतो, मीसुद्धा मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं.

आणि रॉड वाकला! असा वाकला की बोट कलली. अण्णा जांभई अर्ध्यावर सोडून उभे राहिले. साडूभाऊ कुजबुजायचं विसरून ओरडत होते, मी जाळी उलटी धरली होती, आणि शेवटी वर आला तो हिरवागार, हातभर लांब, तुकतुकीत मासा. अण्णांचे डोळे चमकले. "आरे व्वा! ह्येची आमटी झक्कास होतली!"

साडूभाऊंनी मासा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. वॉलआय नव्हता, बास होता. बास खुला व्हायला अजून अवकाश होता. त्यांनी गळ काढला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला. शेपटीचा एक फटकारा, आणि वीस वर्षांची तपश्चर्या पाण्यात.

"इचार ह्येका," अण्णा मला म्हणाले, आवाज चढलेला, "सोडल्यान कित्याक?"

मी विचारायच्या आत साडूभाऊच बोलले, मान खाली घालून. "अण्णा, आत्ता नर घरट्यावर बसतो. पिल्लांची राखण करतो. त्याला उचललं तर बाकीचे मासे सगळी पिल्लं खाऊन टाकतात."

"पण हंय बघता कोण?"

"मी बघतोय की, अण्णा."

अण्णांनी टोपी काढली, डास चावू दिले आणि साडूभाऊंकडे सरळ बघितलं. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे. "जावयबापू," ते म्हणाले, "आमच्याकडेय पावसात होडये वर ओढून ठेवतत. माशांच्या पोटात अंडी, गाबोळी असता. नारळी पुनव होयसर दर्यात कोण जाणा नाय." मग म्हणाले, "तुमका कळता."

साडूभाऊंनी अण्णांच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तपासला, मग पुन्हा तपासला. वॉलआय अर्थातच मिळाला नाही. रात्री फ्रोझन सुरमई झाली, आणि अण्णांनी ती मढं न म्हणता दोनदा वाढून घेतली. साडूभाऊ जपून काटे काढत होते, आणि अण्णा आपली सुरमई सोडून त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवून होते.

यंदा त्या नारळाची चटणी झाली नव्हती; विमानतळावर अण्णांनी साडूभाऊंच्या पिशवीतला तो नारळ मागितला. तो नेता येणार नाही, असं साडूभाऊंनी नियमासकट समजावलं. "बरा," अण्णा म्हणाले, "मगे तुमचो नारळ मी थंय सोडीन."

नारळी पौर्णिमेला सकाळी आम्ही दोघे ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होतो आणि साडूभाऊंचा फोन वाजला. पडद्यावर मालवणचा संध्याकाळचा किनारा, हातात काठी, अण्णा गुडघाभर पाण्यात. गुडघे आता साथ देत नाहीत, पुन्हा इतका प्रवास झेपायचा नाही, हे मेहुणीने आम्हाला आधीच सांगितलं होतं. "ह्यो माझ्या घाट्याचो!" असं ओरडून त्यांनी नारळ फेकला. लाटेने तो परत आणला. त्यांनी काठीने पुन्हा ढकलला.

देवालासुद्धा नियम दाखवणाऱ्या माझ्या साडूंना त्या वेळी एकही नियम आठवला नाही. फोन दोन्ही हातांत धरून ते एवढंच म्हणत होते, "अण्णा, बास आता. फार पुढे जाऊ नका."