चौदा कोयत्यांची खबर

ती घटना आजही आठवली की आधी हसू फुटतं, आणि मग स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं एक लहानसं गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली, चढ मात्र तोच राहिला. तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते आणि समोर नगरपंचायतीची निवडणूक. मी मूळचा कोकणातला. स्वभाव तापट, आणि आपल्याला सगळं कळतं हा जुना आजार.

मतदानाच्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक जण म्हणाला, "सायेब, डोंगराखालच्या समाजमंदिरात चौदा कोयते आणून ठिवलेत. वरच्या वस्तीच्या बूथसाठी." आणि फोन ठेवला.

झालं! माझ्या डोळ्यांसमोर थेट रक्तपातच उभा राहिला. ठाण्यातल्या लोकांचे गावात सोयरेधायरे, खबर फुटेल म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या हवालदारालाही नाही, आणि त्याची अख्खी नोकरी याच तालुक्यात गेलेली. बंदोबस्तासाठी बाहेरून आलेली तुकडी घेतली आणि समाजमंदिरावर छापा घातला. आत अठ्ठावीस माणसं ठेचा-भाकरी खात बसलेली, त्यात निम्म्या बायका. झडती घेतली, गोणपाटं झटकली, पिठाच्या पिशवीत हात घातला. कोयता एकही नाही! लपवले असणार, अशी माझी पक्की खात्री. सगळ्यांना तिथंच पहाऱ्यात बसवलं आणि त्यांच्या मुकादमाला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

साठीचा, पांढऱ्या पटक्याचा, शांत माणूस.

"किती कोयते आहेत?"

"चौदा."

पहिल्याच प्रश्नाला कबुली! मी खूश.

"कुठून आणले?"

"कारखान्यावरून. मशीन बिघडलंय, दोन दिस सुट्टी घावली. पर आणलं न्हाई कुणी. आपल्या मनानं आलेत."

"कोयते आपल्या मनाने आले? माझी थट्टा करतोस? आत्ता कुठे आहेत ते?"

"आता काय सांगावं! तुमीच बसवून ठिवलेत की."

मी टेबलावर हात आपटला. तसा म्हातारा घाबरला आणि त्याने हात जोडले. "सायेब, साडेपाचला मतदान बंद हुतंय. आमच्यातलीच एक बाई पयल्यांदा उभी हाय, वस्तीवर नळ आणते म्हणती. तेवढं मत द्यायला आलो आमी. आन् त्यातला एक कोयता अवघडलाय हो, सातवा म्हैना हाय. त्याला तरी आदी सोडा."

कोयत्याला सातवा महिना?

दारात उभा असलेला हवालदार खाकरला. "सर, आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. चौदा कोयते म्हणजे चौदा जोड्या." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. मुकादमाने तोंडावर हात धरला. फोनवाल्याने मतदार आणल्याची चुगली केली होती, हत्यारांची नव्हे. मीही हसलो, करतो काय! हसता हसता घड्याळ पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. माझ्या शहाणपणापायी अठ्ठावीस माणसांचं मत बुडत होतं.

मुकादमाला घेऊन तसाच समाजमंदिरात गेलो आणि हात जोडून म्हणालो, "चूक माझी आहे. आता पळा!" पोलीस गाडीतून मतदार नेता येत नाहीत. साडेपाचच्या आत केंद्राच्या फाटकात शिरलं की मात्र मत देता येतं. काय पळाली हो ती माणसं! चपला हातात, बायका पुढं, बापे मागं. "अगं पळ की, म्हाताऱ्यावानी काय चाललीस!" असा एकच गलका. सगळ्यात मागे ती अवघडलेली मुलगी आणि तिचा नवरा. मी त्यांच्याबरोबर तो चढ चढलो, धापा मीच जास्त टाकल्या. पाच मिनिटं राखून ती आत पोचली. रांगेतल्या लोकांनी तिला आपणहून पुढे जाऊ दिलं.

शाई लावलेलं बोट फुंकत ती बाहेर आली. मी तिची माफी मागितली आणि विचारलं, "पोरी, अशा अंगानं एवढ्या लांबून कशाला आलीस गं?"

ती लाजली, पण बोलली. "सायेब, फडात मी अर्धा कोयता. हितं यादीत माझं पुरं नाव हाय. आज आतल्या सायबानं समद्यांच्या म्होरं मोठ्यानं वाचलं."

सांगायला आनंद वाटतो, त्यांची उमेदवार निवडून आली आणि गुलालात माझी टोपीसुद्धा लाल झाली. स्टेशन डायरीत मी स्वच्छ लिहिलं, गुन्हा नाही, गैरसमज माझा. त्यानंतर नव्या ठाण्यात गेलो की पहिल्या दिवशी जुन्या हवालदाराला चहा पाजायचो आणि गावची बोली विचारून घ्यायचो.

आणखी एक सवय लागली. जबाबात बाईचं नाव "अमक्याची बायको" असं लिहू दिलं नाही. तिचं पूर्ण नाव विचारायचो, लिहायचो, आणि सही घेण्याआधी तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवायचो.