कढीत गेलेली कॅप्सूल

“यांचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. आता जरा तुमच्याकडे वळू,” सदाशिव पेठेतले डॉक्टर माझ्या बायकोचे, मेघनाचे, कागद बाजूला सारत मला म्हणाले. मूल होत नाही म्हणून आजवर सुया टोचल्या त्या तिलाच.

माझं सीमेन ॲनालिसिस झालं, म्हणजे वीर्याची तपासणी. मोटिलिटी, म्हणजे शुक्राणूंची हालचाल, कमी निघाली. साखरही चढलेली. मधुमेह जुनाच होता. गोळी आठवली तर घ्यायचो. हडपसरच्या आयटी कंपनीत दिवसभर खुर्ची आणि मीटिंगमधले सामोसे. साखरेची झळ शुक्राणूंनाही लागते, हे तेव्हा कळलं. बाहेर येऊन मी स्कूटरपाशीच रडलो.

डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी नियमित केली, रोजचं चालणं लावून दिलं आणि प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली. त्यात पोटाला उपकारक असे जिवंत जिवाणू असतात. “साखर उतरायला थोडा हातभार लागतो, शुक्राणूंनाही लागेल असं म्हणतात. पुरावा अजून कच्चा आहे. खरं काम गोळीचं आणि तुमच्या पायांचं,” ते म्हणाले.

तेवढ्यात वाशीमहून आई राहायला आली. दोष सुनेत आहे असं धरून तिने मेघनाला सोमवारचे उपास लावले होते. कॅप्सूल पाहून तिने विचारलं, तेव्हा “दह्यातल्या जंतूंचं औषध, पोटासाठी” एवढंच मी सांगितलं. खरं बोलायला जीभ रेटेना.

एका संध्याकाळी ओट्यावर कॅप्सूलची रिकामी टरफलं दिसली. शेजारी कढीला उकळी फुटत होती.

“दह्याचंच औषध व्हय ना? सुनेच्या पोटातबी गेलं पाह्यजे. गरज तिलेच हाय,” आई म्हणाली.

मेघना ताटं घेत होती. मला ते बघवेना.

“आई, गरज तिला नाही, मला आहे,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. आईने गॅस बंद केला. पुढच्या सोमवारी उपास बंद करून सुनेला तिने आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

कढीची हकिगत ऐकून डॉक्टर म्हणाले, “उकळलीत? म्हणजे जंतूंचं श्राद्धच घातलंत!”

नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासणी केली. वेटिंग रूममध्ये मी देवाचं नाव घेत बसलो होतो. साखर उतरली होती, मोटिलिटी सुधारली होती. “श्रेय कॅप्सूलला किती आणि चालण्याला किती, मला विचारू नका. चालत राहा,” डॉक्टर म्हणाले.

ज्यांच्या घरी फक्त बायकोचीच फाईल जाड होत चालली आहे, त्यांनी आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असेल तर नक्कीच.

मूल अजून नाही, पण आशा आहे. परवा सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मेघनाला टोचून विचारलं, “काय गं, अजून काहीच नाही?” ती उत्तर देण्याआधीच आई म्हणाली, “माह्या सुनेले काय विचारता? इलाज माह्या पोराचा चालू हाय. मले विचारा.”