बंदुकीसाठी केलेला अर्ज

आमच्या रेंजवर रविवारी सकाळी नेमबाजी कमी आणि गप्पाच जास्त होतात. दहा मीटरवरच्या कागदावर चाळीस-पन्नास छर्रे मारून झाले, की सगळे पत्र्याच्या शेडखाली चहाला जमतात, आणि मग एकच विषय निघतो. पुढची कुठली घेणार? एक दाताचे डॉक्टर मोबाईलवर जर्मन एअर पिस्तुलाचे फोटो दाखवतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका गेली कित्येक वर्षं एकच रायफल 'पुढच्या महिन्यात' घेणार आहेत. कोणी हसत नाही. प्रत्येकाच्या डोक्यात अशी एक न घेतलेली बंदूक असतेच.

माझ्याही डोक्यात होती. नाशिकमध्ये माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, वय पन्नाशीला टेकलेलं. घरात दोन एअर रायफली होत्या. पहिली साधी, नळी वाकवून छर्रा भरायची. दुसरी हवेच्या टाकीची, चांगली महागातली. पण मला पॉइंट टू टू हवी होती. हवेवर चालणारी नव्हे, काडतुसाची. तिचा अक्रोडी लाकडाचा दस्ता आणि बोल्ट ओढल्यावर येणारा तो आवाज मी दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर इतक्या वेळा बघितला-ऐकला होता, की बायको म्हणाली, "लग्न ठरल्यावर माझा फोटोसुद्धा एवढा बघितला नसेल."

या बंदुकीला परवाना लागतो. खेळाडू म्हणून मिळवायचा तर स्पर्धेत नाव काढावं लागतं. मी दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा पार मागे राहिलो. मग कोणीतरी परवान्याची कागदपत्रं करून देणाऱ्या एका एजंटाचा नंबर दिला. तो दुकानात आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "खेळाचं सोडा. स्वसंरक्षणासाठी मागू. तुम्हाला धोका कोणापासून आहे?"

"कोणापासूनच नाही."

"असं कसं? शेती आहे ना?"

"आहे थोडी. मखमलाबादच्या बाजूला."

"मग बांध आला. बांध आला म्हणजे भांडण आलं. आठवून बघा की."

मला आठवायला वेळ लागला नाही. आमच्या बांधाला लागून नानांचा मळा. नाना आमच्या नात्यातले नाहीत, पण लहानपणापासून त्यांना मी नानाच म्हणतो. ते शेवंती, झेंडू, गुलाब लावतात आणि पहाटे फुलबाजारात नेतात. मी कॉलेजात असताना पाटाच्या पाण्यावरून त्यांची आणि माझ्या वडिलांची जुंपली होती. नाना फावडं घेऊन बांधावर आले होते आणि ओरडले होते, "पाण्याला हात लावला तर तंगडं तोडीन!" वडिलांनी रागाच्या भरात पोलीस ठाण्यात तक्रार दिली. आठवड्याभरात दोघं एका लग्नात शेजारी शेजारी पंगतीला बसले आणि प्रकरण तिथंच संपलं. पुढं आमची पाण्याची मोटार जळाली तेव्हा एक अख्खा उन्हाळा नानांनी आमच्या टोमॅटोला पाणी दिलं. वडील गेले तेव्हा तिरडीचे बांबू चिरायला पहिले नाना बसले.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी वडिलांच्या पेटीतून ती पिवळी पडलेली तक्रारीची प्रत शोधून काढली आणि झेरॉक्स करून आणली. एजंट खूश झाला. "वा, याच्यासारखा कागद नाही!" त्यानं वाक्य सांगितलं आणि मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'सदर इसमाने पूर्वी जिवे मारण्याची धमकी दिली असून आजही माझ्या जीवितास त्याच्यापासून धोका आहे.' खाली नानांचं पूर्ण नाव आणि पत्ता.

लिहिताना मला काही टोचलं का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं सांगायचं तर नाही टोचलं. उलट बंदुकीकडे जाणारी एक पायरी चढल्यासारखं वाटलं. असले अर्ज कोण वाचतं, असंही मनात होतं. त्याच आठवड्यात मी बंदुकीसाठी लांब काळी बॅगसुद्धा घेऊन टाकली.

पुढं दसरा आला. सकाळी घरी दोन्ही एअर रायफली पाटावर ठेवून पूजा केली, दुकान उघडून तराजू-वह्यांना फुलं वाहिली आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे आपट्याची पानं घेऊन नानांकडे गेलो. वडील गेल्यापासून सोनं द्यायला मी पहिला त्यांच्याकडे जातो. नाना ओट्यावर बसले होते. झेंडूचा हंगाम उरकून माणूस जसा थकतो तसे दिसत होते. मी पाया पडलो, पानं दिली.

"सोन्यासारखा राहा," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "सूनबाई, चहा टाक." ती चुलीकडे गेल्याचं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"परवा मला ठाण्यात बोलावलं व्हतं."

"कशाला?" मी विचारलं. आणि विचारता विचारताच मला कळलं.

"ऐन तोडणीचा दिस. शिपाई आला, म्हणला चला. दुपार टळंपर्यंत बाकड्यावर बसवलं. मंग साहेब म्हणला, तुमच्यापासून एका माणसाच्या जिवाला धोका हाय. मी म्हणलो, साहेब, माणूस चुकला असंल तुमचा. तर त्यानं तुहं नाव वाचलं." नाना हातातल्या पानांकडे बघत होते. "मला वाटलं, त्याच नावाचा दुसरा कोणी असंल. पण बापाचं नाव बी बराबर निघालं."

"नाना, ते नुसतं कागदावर..."

"सुनंला म्या काही सांगितलं नाय. मोटारसायकलीच्या कागदाचं काम व्हतं म्हणलो. तू बी बोलू नको." मग ते म्हणाले, "तुला महं भ्याव वाटतं का रं?"

"नाही नाना."

"मंग?"

मला बंदूक हवी होती. एवढंच सांगायचं होतं. सत्तरीच्या माणसाच्या तोंडावर ते सांगवेना. मी म्हणालो, "एजंटानं परस्पर लिहिलं. मला माहीतच नव्हतं."

नानांनी पानं शेजारी ओट्यावर ठेवली. ते वाक्य माझ्याच अक्षरात होतं, आणि तो कागद त्यांना ठाण्यात दाखवला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. "दादा, तुमच्यासाठी झेंडू ठेवलाय बाजूला काढून," ती म्हणाली. "जाताना आठवणीनं न्या." मी ती पिशवी घेऊन घरी आलो आणि तोरण न करताच ती फुलं जिन्याखाली ठेवून दिली.

चार दिवसांनी परवान्याच्या कचेरीत अर्ज मागे घ्यायला गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं फाईल उघडली.

"धोका संपला?"

"हो."

"असा कसा संपला एकदम? तसं लेखी द्यावं लागेल. आधी खोटं लिहिलं होतं असं म्हणणार असाल, तर मग तुमच्यावरच कारवाई करावी लागेल, बघा. नाहीतर आपसात समेट झाला असं लिहा. दोघांच्या सह्या आणा."

खरं लिहायची संधी तिथं होती. टेबलावर कोरा कागद होता, खिशात पेन होतं. दुकान, घर, रेंजवरची माणसं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर काय, हे सगळं डोळ्यांपुढं आलं आणि मी म्हणालो, "समेटाचं आणतो."

कागद टाइप करून घेतला आणि मळ्यात गेलो. नाना शेवंतीत होते. चष्मा घरी राहिला होता, म्हणून म्हणाले, "तूच वाच." मी वाचायला लागलो: 'आम्हा उभयतांमध्ये पूर्वीपासून असलेले वैर आता...'

"थांब," नाना म्हणाले. "वैर कवा व्हतं?"

"नाना, ती लिहायची पद्धत असते."

"तुह्या बापाचं आन महं भांडण झालं व्हतं. वैर नव्हतं कधी. तेवढं खोडता येतं का?"

"खोडाखोड केली तर घेत नाहीत," मी म्हणालो. घेतात की नाही, मला ठाऊक नव्हतं. मला फक्त ते लवकर संपायला हवं होतं.

नानांनी हात धोतराला पुसले. कागद माझ्या दुकानाच्या बॅगेवर ठेवला आणि एकेक अक्षर काढत सही केली. कागदाच्या कोपऱ्याला त्यांच्या बोटाचा हिरवा डाग लागला. मी तसाच नेऊन दिला. तो फाईलला लागला. म्हणजे नाना माझे वैरी होते आणि आता नाहीत, असं सरकारदरबारी नानांच्याच सहीनं नोंदलं गेलं.

रेंजवर मी सांगितलं, "पोलिसांनी अडवलं." सगळे हळहळले. दाताचे डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे प्रामाणिक माणसालाच त्रास." मी चहा पीत राहिलो. काळी बॅग त्यांनाच देऊन टाकली.

बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यांच्या सुनेनं मला विचारलं तर मी काय सांगू?"

दिवाळीनंतर एका सकाळी नाना दुकानात आले. ठिबकच्या बारीक नळीचे, लॅटरलचे जॉइंट हवे होते. उंदरांनी पाइप कुरतडले होते म्हणे. मी काउंटरच्या बाहेर आलो, खुर्ची पुढं केली. "नाना, बसा. चहा मागवतो."

"नको, नको," ते म्हणाले. "तुम्ही कामात असाल."

चड्डीत होतो तेव्हापासून नानांनी मला 'तू'शिवाय हाक मारलेली नव्हती. मी लग्नाचा झालो, दुकान टाकलं, वडील गेले, तरी 'तू'च. मला वाटलं, दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून असेल. मी जॉइंट मोजून पिशवीत घातले.

"आणखी काही लागलं तर फोन करा, पोराला पाठवून देतो," मी म्हणालो.

"तुम्हाला कशाला त्रास," नाना म्हणाले, पिशवी हँडलला अडकवली आणि गाडीला किक मारली.