वडीगोद्रीचा रिसालदार

माझे मामा आदिनाथ उढाण मिल्ट्रीत घोड्यावर आहेत, असं मी शाळेत सांगायची तेव्हा मैत्रिणी हसायच्या. मिल्ट्रीत आता घोडे कुठले? ट्रक असतात, रणगाडे असतात. पण आपल्या सैन्यात आजही जिवंत घोड्यांचं घोडदळ आहे. त्याचं ठाणं राजस्थानात आहे आणि त्यात मराठी पोरंही घेतात. आमच्या वडीगोद्रीतून तिथं गेलेले मामा पहिले. सवार, म्हणजे साधा शिपाई म्हणून गेले आणि रिसालदार होऊन परत आले.

मामांचे वडील म्हणजे माझे आजोबा, कचरू उढाण, सरळ शेती करणारा माणूस. घरात बैल होते, म्हशी होत्या, घोडं कधीच नव्हतं. मामांना मात्र घोड्याचं वेड. वाटूरच्या म्हस्कूकडं वरातीला लावायच्या दोन घोड्या होत्या. बारावी झाल्यावर मामा लग्नसराईत त्याच्याबरोबर गावोगाव जायला लागले. बँड वाजतोय, फटाके उडताहेत, घोडीवर नवरदेव घाबरून बसलाय, आणि मामा लगाम धरून पुढं चाललेत. सगुणाआजीला हे बिलकुल आवडायचं नाही. "शेतकऱ्याचं लेकरू अन् लोकाच्या नवरदेवाची घोडी ओढीत फिरतंय," असं ती माझ्या आईला ऐकवायची. माझी आई बेबीनंदा ही मामांची थोरली बहीण. ती भावाची बाजू घ्यायची.

एकोणिसाव्या वर्षी मामा जालन्याला भरतीला गेले. धावणं झालं, छाती मोजून झाली. मग एका साहेबांनी रांगेला विचारलं, "घोडेपे कौन बैठा है?"

मामा एक पाऊल पुढं आले.

"कहाँ बैठे हो?"

"बैठा कम, साब. पकडा ज्यादा. शादी की घोडी संभालता था."

आजूबाजूची पोरं खो-खो हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, घोडी फटाक्यांना बुजली तर काय करतोस? मामांनी सांगितलं की लगाम ओढायचा नाही, तिच्या मानेला हात लावून बोलत राहायचं. साहेबांनी त्यांचं नाव वेगळं काढलं.

राजस्थानात गेल्यावर सहा महिने मामांना रिकिबीविना, म्हणजे पाय अडकवायच्या कड्यांशिवाय, घोड्यावर बसवलं. मांड्या सोलून निघायच्या. पहाटे तबेला झाडायचा, घोड्याला खरारा करायचा, पाणी दाखवायचं, दाणा द्यायचा आणि मग स्वतःचा चहा. शिकवणारे दफेदार, म्हणजे घोडदळातले हवालदार, शेखावाटीतले होते, बोलायला फार कडक. घोडा उपाशी असताना कोणी जेवताना दिसला की ते ताट उचलून बाजूला ठेवायचे. मामा म्हणतात, "मला त्याचा राग न्हाई आला. मला वाटलं, आपण बराबर जागी आलोत."

तिथं मामा नेझाबाजी शिकले. भरधाव घोड्यावरून खाली वाकून जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याच्या टोकानं उचलायची, असा तो खेळ. मामा त्यात इतके तयार झाले की रेजिमेंटच्या संघात आले, लान्स दफेदार झाले, मग दफेदार. दिल्लीच्या परेडमध्ये भाला घेऊन चालले तेव्हा गावात ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं माणूस मावत नव्हता. सगळ्या घोडेस्वारांच्या मिशा सारख्याच, त्यामुळं मामा नेमके कोणते यावरून भांडण लागलं. आजीनं एका क्षणात बोट दाखवलं. "तो बघा. उजवा खांदा वर उचलून बसलाय. लहानपणापासून तसाच बसतो."

त्याच उजव्या खांद्यावर पुढं संकट आलं. सरावात घोडा कोलमडला आणि मामांची हसळी, म्हणजे गळ्यापासून खांद्याकडं जाणारं हाड, मोडली. ते सुट्टीवर घरी आले. हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घोड्यावर बसता येईल, भाल्याचं मात्र सांगता येत नाही. मामी, म्हणजे कौसल्यामामी, तेव्हा नवीनच लग्न होऊन आल्या होत्या. आजी एकदा ताटावरच म्हणाली, "बास झालं आदिनाथ. आता दुसरं काम माग त्यांना. हापिसातलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर ज्वारीची दोन पोती एकावर एक ठेवली, त्यावर खोगीर असल्यासारखी मांड ठोकली आणि डाव्या हातात वेळूची काठी घेऊन वाकायला सुरुवात केली. खाली अंगणात मामींनी एक रिकामं कणीस उभं करून दिलं. येणारेजाणारे थांबून बघायचे. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा भिवा तर रोज यायचा. "रिसालदार, पोतं पळून जाईल, लगाम धरा," असं म्हणून हसायचा. तेव्हा मामा दफेदार होते, रिसालदार हे नाव भिवानं चेष्टेत दिलेलं.

"मी करून राह्यलो, तू बघून राह्यला," मामा म्हणाले. "दोघंबी कामात आहोत."

सुट्टी संपेपर्यंत त्यांनी डावा हात तयार केला. उजवा खांदा पुढं बरा झाला, पण मामा डाव्या हातानंच भाला चालवत राहिले. संघात तसा एकटाच माणूस.

पुढं काही वर्षांनी, नायब रिसालदार असताना, ते चौघांच्या संघातून रशियात सेंट पीटर्सबर्गला एका स्पर्धेला गेले. अशा स्पर्धेत आपले घोडे नेत नाहीत. यजमानांचे घोडे चिठ्ठ्या टाकून वाटून देतात. मामांच्या वाट्याला एक उंच काळी घोडी आली. ती कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती, आणि डाव्या बाजूला भाला दिसला की बाजूला उडी मारायची. तिची देखभाल करणारी एक म्हातारी बाई होती. ती हातवारे करून सांगत होती, बदलून मागा, बदलून मागा.

मामांनी ब्रश मागून घेतला. दुपारभर ते त्या घोडीच्या ठाणापाशी बसले, हळूहळू खरारा केला आणि तोंडानं चक्क आपल्या मराठीत बडबडत राहिले. गावातल्या उसाच्या गोष्टी, म्हस्कूच्या घोडीच्या गोष्टी. मग भाला आणून तिच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकवून ठेवला आणि तिला तो हुंगू दिला. म्हातारी बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी काळी घोडी बाणासारखी सरळ पळाली आणि मामांनी प्रत्येक फेरीत खुंटी उचलली. भारताचा संघ दुसरा आला. मामा घोडीवरून उतरले तर ती म्हातारी येऊन त्यांच्या गळ्यात पडली. "माझ्या आयुष्यात आईशिवाय कोणी असं धरलं न्हाई," मामा अजून लाजत सांगतात.

परत निघायच्या आधी त्यांना तिथला राजवाडा दाखवायला नेलं. दुभाषी मुलीला हिंदी छान येत होतं. एका लांबलचक दालनात नेपोलियनशी लढलेल्या रशियन सेनानींची चित्रं छतापर्यंत लावलेली होती. मामांनी विचारलं, यात घोडदळाचे कोण? तिनं दाट काळ्या कल्ल्यांचा, झुपकेदार मिशांचा एक माणूस दाखवला. याकोव्ह कुल्नेव्ह.

मामांनी ही गोष्ट आम्हांला इतक्यांदा सांगितली आहे की मला ती पाठ आहे.

"शीतल, तो माणूस बड्या घरचा नव्हता. पगारातला हिस्सा आईला पाठवायचा, स्वतः साधं खायचा. कितीतरी वर्षं तो लहान हुद्द्यावरच राह्यला. पण हटला न्हाई. स्वीडनशी लढाई चालू होती तवा समुद्र गोठलेला होता, अन् ह्यानं घोडदळ घेऊन त्या बर्फावरून समुद्र पार केला. घोड्यावर! पलीकडच्या किनाऱ्याला लोकांनी बघितलं तर समुद्रातून घोडे येऊन राह्यले. तवा जनरल झाल्ता तो. रात्री पहारे स्वतः बघायचा, म्हणायचा, मी जागा राह्यलो म्हणजे बाकीची फौज झोपंल."

"मग नेपोलियनशी?"

"नेपोलियन आला त्याच वर्षी, अठराशे बाराला. पुढच्या फळीत होता. तोफेचा गोळा लागला अन् पाय गेले. लोक सांगतात, मरताना त्यानं छातीवरची पदकं तोडून टाकली. दुश्मनाला कळू नये, जनरल मारला म्हणून."

मामा त्या चित्रापुढं टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. दालनातले लोक वळून बघायला लागले. दुभाषी मुलीला काय करावं ते कळेना. मामांना त्याचं काही वाटलं नाही. घोडदळातला धाकटा माणूस घोडदळातल्या थोरल्या माणसाला भेटला होता.

मामा निवृत्त झाले तेव्हा खांद्यावर रिसालदाराचे दोन तारे होते. वडीगोद्रीला येऊन त्यांनी शेती हातात घेतली आणि एक काठेवाडी घोडी आणली. तिचं नाव मोहर. रोज सकाळी ते तिच्यावरून कालव्याच्या कडेनं फेरी मारायचे. भिवाचं बोलणं काही थांबलं नव्हतं. "रिसालदार, लढाई तर एकबी केली न्हाई तुम्ही. घोड्यावर बसून नुसतं खेळलात," असं तो चारचौघांत म्हणायचा. मामा चहा पिऊन निघून यायचे. मामींना राग यायचा. मला तर फार यायचा.

मग गोदावरीला ते पाणी आलं. मराठवाड्यात तसा पाऊस आमच्या पिढीनं पाहिला नव्हता. वर धरणातून पाणी सोडलेलं, खाली नदी आधीच भरलेली, आणि फुगवटा ओढ्यातून मागं शिवारात शिरला. मी अंबडला शाळेत शिकवते; शनिवारची शाळा करून मामांकडं आले होते आणि रस्ता बंद झाल्यामुळं तिथंच अडकले होते. रविवारी सकाळी भिवा छत्री न घेताच धावत आला.

"रिसालदार, नदीकाठी मळीवरच्या वस्तीला पाण्याचा वेढा पडलाय. अर्पिता तिथंच आहे, सोमेश्वरची बायको. दिवस भरलेत तिचे, कळा येऊन राह्यल्यात. होडी शहागडकडं गेलीय, इकडं यायला दुपार होईल म्हणतेत. ट्रॅक्टर मधीच बंद पडला."

मामांनी फक्त एक विचारलं. "वस्तीची जुनी गाडीवाट कुठून जाती? उसाच्या कोणत्या अंगानं?"

"चिंचेपासून सरळ. पण आता दिसत न्हाई काही."

"मला न्हाई दिसली तरी घोडीला कळंल. तिच्या पायाला कडक लागलं पाहिजे."

मामींनी खोगीर आणून दिलं. थांबा म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "जल्दी येतो."

आम्ही सगळे रस्त्याच्या भरावावर उभे राहिलो. समोर सगळं गढूळ पाणी, मधून उसाचे नुसते शेंडे. मामांनी मोहरला पाण्यात घातलं. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, पोटाला लागलं. ओढ्यापाशी तिचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली. मामा खोगिरावरून घसरून पाण्यात उतरले आणि आयाळ धरून तिच्या बाजूनं पोहत राहिले. मामांच्या कमरेला बांधलेला दोर इकडं भिवाच्या हातात होता. दोर सोडत सोडत त्याच्या तळहाताची सालं निघाली. मग एकदम घोडीची पाठ वर आली. गाडीवाट लागली होती.

येताना मामांनी ओढा टाळला. वस्तीवरून वरच्या अंगानं, तिथल्या लोकांनी दाखवलेल्या उसाच्या बांधावरून ते वळसा घालून आले. अर्पिता मोहरवर दोन्ही हातांनी खोगीर धरून बसलेली, सोमेश्वर तिला एका बाजूनं आधार देत होता आणि मामा छातीइतक्या पाण्यातून लगाम धरून पुढं चालत होते. मधेच एक ओंडका वाहत येऊन मोहरच्या पायावर आदळला. ती दचकली, कान मागं गेले. आम्ही सगळे ओरडलो. मामांनी लगाम ओढला नाही. तिच्या मानेवर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. घोडी उभी राहिली, थरथरली आणि पुन्हा चालायला लागली.

भरावावर जीप तयार होती. अर्पिताला मुलगी झाली ती अंबडला दवाखान्यात पोहोचल्यावर. मामा तोपर्यंत परत पाण्यात गेले होते. वस्तीवर दोन म्हाताऱ्या, बाया आणि तान्ही लेकरं होती, ती त्यांनी त्याच बांधावरून आणली. शेवटी होडी आली तेव्हा वस्तीवर फक्त गडीमाणसं उरली होती. होडीवाल्यांना बांधाची दिशा मामांनीच घोडीवरून दाखवली.

भिवानं त्या दिवशी मोहरचं खोगीर स्वतः उतरवलं. त्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. "दादा," तो मामांना म्हणाला, "हॉटेलात या उद्या." इतकी वर्षं मी त्याच्या तोंडून मामांसाठी दादा हा शब्द ऐकला नव्हता.

महिनाभरानं अंबडला सत्काराचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावरून पुकारलं, "माजी सैनिक आदिनाथ उढाण." मामा गेले, ताठ उभे राहिले, शाल घेतली आणि माईकपाशी वाकले.

"रिसालदार म्हणा, साहेब. घोडदळाचा आहे मी."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पहिल्या रांगेत सगुणाआजी बसली होती. तिला आता नीट ऐकू येत नाही. तिनं आईला विचारलं, "काय म्हणाला?" आईनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. आजीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "बराबर म्हणाला."

ओंडका लागलेला मोहरचा पाय तेव्हाही सुजलेलाच होता. कार्यक्रमानंतर जेवण होतं, पण मामा थांबले नाहीत. मीठ घातलेल्या गरम पाण्यानं तिचा पाय शेकायची वेळ झाली होती. शाल त्यांनी मामींकडं दिली आणि आम्ही मिळेल त्या बसनं वडीगोद्रीला आलो.